द्वादशीला पक्षी, चतुर्थीला मगर : फाल्गुनात कोकणच्या खाडीवर फोटो काढताना

माझा पहिला फाल्गुन आंजर्ल्याच्या खाडीवर वाया गेला. होळी नुकतीच झाली होती. सलग तीन दिवस सकाळी साडेसहाला बांधावर जाऊन बसले. ऊन सुरेख पडायचं, वारा शांत, आणि पक्षी मात्र ओल्या गाळाच्या पार पलीकडे, पाण्याच्या कडेला, मोहरीएवढे दिसायचे. चौथ्या दिवशी खांद्यावर जाळं टाकून चाललेले एक आजोबा थांबले. "रोज येऊन बसतेस, पण तिथ बघून येतेस का?" मी रजा बघून आले होते, तिथी बघून आले नव्हते. त्यांनी बांधावर टेकून पाच मिनिटांत जे समजावलं, त्यावर मी आजही चालते. म्हणून हा लेख कॅमेऱ्यापासून सुरू न करता पंचांगापासून सुरू करते.

दिवस कसा निवडायचा

कोकणातल्या मच्छीमाराला भरतीची वेळ मोबाइलवर बघावी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. दुपारी तीन आणि पहाटे तीन, दोन्ही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावस्येला बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. रोज हा सगळा गाडा पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकतो.

हिशेब ढोबळ आहे. मुंबई-रायगडाकडे तो बरा जुळतो. दक्षिणेला रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भरती याहून काहीशी आधी येते. शिवाय खाडीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. तेव्हा दिवस तिथीवरून ठरवा आणि नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यात किंवा ॲपमध्ये तपासा. त्याहून चांगलं म्हणजे आदल्या संध्याकाळी गावातल्या होडीवाल्याला विचारा. त्याच्या खाडीत पाणी किती वाजता फिरतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

आता याचा फोटोशी संबंध. चिखलात चरणारे पक्षी पाण्याच्या कडेला चरतात. सुकतीला ती कड दूर जाते, पक्षीही दूर जातात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत काठाकडे आणतं. आपल्याला हवे असतात भरती पुरी होण्याआधीचे दोन तास, आणि ते सकाळच्या सात ते नऊमध्ये पडायला हवेत. मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसात-सातला उगवतो. म्हणजे भरती नऊ ते पावणेदहाला हवी, म्हणजेच द्वादशी आणि त्रयोदशी. शुद्ध असो की वद्य. दशमी-एकादशीलाही वेळ जवळपास जमते, पण ते भांगाचे दिवस. पाण्याला जोर नसतो, गाळ पुरता बुडत नाही आणि पक्षी मधल्याच उंचवट्यावर थांबतात.

मगरीचं गणित बरोबर उलटं. ती ऊन खायला गाळाच्या काठावर येते आणि तो काठ सुकतीलाच उघडा पडतो. फाल्गुनात साडेआठ ते अकरा ही तिची उन्हाची वेळ. त्या वेळेला सुकती हवी म्हणजे चतुर्थी-पंचमी: भरती तीन-पावणेचारला, सुकती सव्वानऊ-दहाला. संकष्टी आणि विनायकी लक्षात ठेवणं कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही.

दोन्ही एकाच दिवशी उरकायचा हट्ट धरू नका. मी धरला आहे, आणि दोन्ही अर्धवट घेऊन परतले आहे.

जागा

उत्तरेला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५मध्ये अभयारण्य झालं, २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. रोहित पक्ष्यांसाठी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते. होडीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, आधी नोंदणी करावी लागते. इथे आपल्या हातात फारसं काही नसतं, फक्त होडीत सूर्य पाठीशी येईल अशी बाजू पकडायची.

माझी आवड दक्षिणेची. आंजर्ले, केळशी, बाणकोट या खाड्यांची मुखं चिखल्या, कुरव आणि सुरयांसाठी उत्तम. मगरींसाठी दाभोळची खाडी, म्हणजे चिपळूणच्या खालची वाशिष्ठी. मालदोलीच्या बाजूने गावकरी होडीतून मगरी दाखवतात. महाडजवळ सावित्रीतही मगरी आहेत. आणि या सगळ्यांच्या मागे, गावोगाव, खारं पाणी अडवणारे खारबंदिस्तीचे बांध आणि त्यांच्या आतली खोलगट जमीन, म्हणजे खाजणं आहेत. पर्यटकांच्या नकाशावर ती नसतात, पण एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याची डबकी आणि मध्ये बांध, अशा जागेत एका सकाळी जेवढी विविधता दिसते तेवढी मला कुठल्याच नामांकित ठिकाणी दिसलेली नाही. खाजण कोणाच्या तरी मालकीचं असतं. आत जाण्याआधी विचारा.

सामान

४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स असली की काम होतं. १००-४०० किंवा १५०-६०० या झूम लेन्स होडीत एका जागी बसून वापरायला सोयीच्या. मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा असेल तर त्यावरही या लेखातलं नव्वद टक्के लागू आहे, कारण इथे अंतर आपण कापायचं नसतं.

तिपाई बांधावर ठीक, होडीत निरुपयोगी. त्याऐवजी जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, उशीएवढी, चेन लावलेली. रिकामी न्या आणि जिथे उतराल त्या घरी तांदूळ मागून भरा. भाताचा तूस भरून बघितला, तो हलका पडतो आणि लेन्स डुलते. उकडा तांदूळ दाणेदार, घट्ट बसतो. परतताना ज्याचा त्याला परत. बांधावर, होडीच्या काठावर, गाडीच्या खिडकीत, सगळीकडे ही पिशवी चालते.

बाकी मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, दोन लिटर पाणी, लेन्स पुसायला दोन सुती फडकी (एक गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं), आणि पायात घट्ट नाडीचे कॅनव्हासचे बूट. गमबूट नकोत, कारण पुढे सांगते.

पक्षी: आधी बसायचं, मग बघायचं

द्वादशीच्या दिवशी सहाला जागेवर असायला हवं, उजाडण्याआधी. चढत्या पाण्याची कड सात-आठच्या सुमारास कुठे येईल याचा अंदाज घ्या (मागच्या भरतीने आणलेल्या पानाकाडीची रेघ गाळावर दिसते) आणि त्या रेघेच्या वर, बांधाच्या पायथ्याशी किंवा खारफुटीच्या सावलीत खाली बसा. उभं राहू नका. एकदा बसलात की मागेपुढे करू नका. पक्षी तुमच्याकडे येणार आहेत.

कोकणच्या सकाळीचा एक मोठा फायदा आहे. समुद्र पश्चिमेला, सूर्य पाठीमागून सह्याद्रीवरून येतो. समुद्राकडे तोंड करून बसलात की ऊन सरळ पक्ष्यावर पडतं. त्याच वेळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो आणि पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, उडतानाही वाऱ्यावरच उठतो. म्हणजे सकाळी ऊनही त्याच्या तोंडावर आणि त्याचं तोंडही तुमच्याकडे. अकराच्या सुमारास खारा वारा सुटतो, सगळे पक्षी समुद्राकडे वळतात आणि तुमच्या वाट्याला पाठी आणि शेपट्या येतात. शिवाय तापलेल्या गाळावरून हवा थरथरू लागते. त्या थरथरीतून काढलेला लांबचा फोटो कितीही महाग लेन्स असली तरी फुसकाच येतो. दहाला पक्ष्यांचा कॅमेरा बंद करायला शिका.

पाणी चढताना काय दिसतं ते एकदा नीट सांगते. आधी गाळात बारीक बुडबुडे येतात. निवट्या (गाळात राहणारे मासे) उड्या मारत वर सरकतात. मग तुतारी नावाचा लहान पक्षी येतो, शेपटी सतत खालीवर. मागून चिखल्यांची टोळी. चिखल्या धावतो, थबकतो, मान कलती करून एका डोळ्याने गाळ न्याहाळतो, आणि चोच मारतो. एकदा साताठ पावलांवर एकाने गाळातून किडा ओढायला घेतला. किडा रबरासारखा ताणला गेला, पक्षी दोन्ही पाय रोवून मागे रेलला, आणि किडा सुटला तसा तो शेपटीवर बसला. किडा गिळला, चोच पाण्यात धुतली, पुन्हा धावला. हे सगळं चार सेकंदांत. धावतानाचे फोटो सगळ्यांकडे असतात. थबकण्याचा क्षण हेरा, त्यानंतर काय होणार हे तुम्हाला ठाऊक असतं. बोट तेव्हाच दाबायचं.

फाल्गुनच का, त्याचं उत्तर या पक्ष्यांच्या छातीवर असतं. थंडीभर राखी-भुरे दिसणारे चिखल्या आता छातीवर विटकरी पट्टा चढवू लागतात. सोनचिखल्याच्या पोटाखाली काळे ठिपके उगवतात. खाली वाकलेल्या चोचीची तुतारी तांबूस होऊ लागते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं, जे डिसेंबरात पांढरं आणि कानामागे एक ठिपका एवढंच होतं, ते आता खरोखर तपकिरी होतं. एकाच थव्यात निम्मे बदललेले, निम्मे न बदललेले. असा थवा एका चौकटीत मिळाला तर तो माझ्या दृष्टीने एकट्या सुंदर पक्ष्याच्या फोटोपेक्षा मोलाचा आहे, कारण त्यात ऋतू दिसतो. एप्रिल सरता सरता यातले बहुतेक निघून जातात. त्या तुतारीला सैबेरियाच्या उत्तर टोकाला पोचायचं असतं.

म्हणूनच या दिवसांत थवा उडवणं वाईट. हे पक्षी प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. भरतीमुळे चरायला मोजकेच तास मिळतात. आपण फोटोसाठी दोनदा उडवलं तर तेवढी शिदोरी कमी झाली. उडण्याआधी ते सांगतात: चरणं थांबतं, माना वर होतात, काही जण आपल्याकडे पाठ करून चालू लागतात. टिटवी ओरडायला लागली तर समजा, तुम्ही हद्द आधीच ओलांडली आहे. मान वर झाली की तिथेच थांबा, नजर वळवा, कॅमेरा खाली घ्या. पाच मिनिटांत ते पुन्हा चरू लागतात, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा जवळ येतात. आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावू नका. टिटवीची वीण मार्चपासून सुरू होते आणि तिची अंडी बांधावर, खडीत, उघड्यावर असतात. पायाखाली बघून चाला.

सेटिंग थोडक्यात. चरणाऱ्या पक्ष्याला शटर १/१००० पुरतं, उडणाऱ्या सुरयाला १/२५०० लागतं. ॲपर्चर एफ ६.३ ते एफ ८. आयएसओ ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० करा. फोकस सतत मागोवा घेणारा. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

खरी अडचण उजेड मोजण्याची. काळपट खारफुटीसमोर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा काळोख बघून फोटो उजळतो आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या कागदासारखी सपाट होतात. एक्स्पोजर उणे १ किंवा त्याहून थोडं खाली न्या. आकाशासमोर उडणारी घार मात्र काळी पडते, तिथे अधिक १. ओला गाळ सगळ्यात फसवा: ऊन पाठीशी असताना तो काळसर, आणि जरा बाजूला सरकलात की आरसा. जागा बदलली की आधी एक फोटो घ्या, हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) बघा, उजवी कड कापली जात नाही ना एवढं तपासा. समुद्र बगळा या बाबतीत चांगला मास्तर आहे. एक पांढरा आणि एक पाटीच्या रंगाचा असे दोन एकाच उथळ पाण्यात असतात. पांढऱ्याची पिसं आणि काळ्याचा डोळा दोन्ही ज्या दिवशी तुम्हाला वेगवेगळ्या फोटोंत जमतील, त्या दिवशी उजेड कळला म्हणा.

कॅमेरा जितका खाली तितका फोटो जिवंत. तांदळाची पिशवी जमिनीवर ठेवा, पडदा उलगडून वरून बघा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आलात की मागचा गाळ धूसर होतो आणि पक्षी सुटा उभा राहतो.

काळ्या टोपीच्या खंड्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पोवळ्याच्या रंगाची चोच, जांभळी-निळी पाठ, आणि खारफुटीची आवड. तो लाजरा आहे, पण त्याच्या फांद्या ठरलेल्या असतात. एकदा उडाला तर पाठलाग करू नका. ज्या फांदीवरून उडाला तिच्याखाली पांढरे ओघळ दिसले तर ती त्याची नेहमीची बैठक. तिथून दूर, आडोशाला, अर्धा तास बसा.

आकाशाकडेही लक्ष असू द्या. ब्राह्मणी घार सगळीकडे दिसते. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड, ज्याला किनाऱ्यावर काकण म्हणतात, दिसला तर दिवस सोन्याचा. त्याचं घरटं उंच झाडावर वर्षानुवर्षं एकाच जागी असतं. घरट्याचा फोटो काढू नका, आणि जागा कोणाला सांगू नका.

गाळाबद्दल

खाडीचा गाळ वरून सारखा दिसतो. कुठे घोट्याएवढा, कुठे मांडीएवढा. एकदा उतरत्या पाण्यामागे रोहिताच्या एका पिसासाठी मी दहा पावलं आत गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पायात गमबूट होते. बुटात गाळ भरला की तो वजनासारखा खाली धरून ठेवतो. पाय उपसायला जाल तितका दुसरा आत जातो. पलीकडे तिसऱ्या (शिंपल्या) वेचणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक ओरडली, "बाय, पाय उपसू नको! बस खाली, मागं रेल!" मी मागे बसले, पाठ जवळजवळ टेकवली. "आता टाच हलव. आधी टाच." टाच गोल गोल हलवल्यावर पायाभोवती पाणी शिरलं आणि पाय मोकळा झाला. बूट तिथेच राहिले. बसत सरकत काठाला आले तेव्हा पाणी फिरलेलं होतं.

तेव्हापासून नियम एकच: गावातलं माणूस बरोबर असल्याशिवाय गाळात पाऊल नाही. खारफुटीत तर नाहीच. तिथे जमिनीतून वर आलेली श्वासाची मुळं तुडवली जातात आणि कालवांच्या कडा पाय कापतात. पाठीमागे कुठे नाली असेल तर ती भरतीत आधी भरते आणि परतीची वाट तोडते. बसण्याआधी मागे वळून बघा.

मगर

चतुर्थीला होडी आठला सोडा. ज्याने मगर दाखवायचं कबूल केलं तो आधीच सांगेल, "ताई, मगरी बघायच्यात तर सुकतीला या. भरतीला काय, पाणीच बघाल." भाडं ठरवताना एक अट घाला: मगर दिसली की इंजिन बंद. शक्यतो प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाऊन इंजिन बंद करायचं आणि होडी पाण्याबरोबर वाहत येऊ द्यायची. वल्हंही पाण्यात हळू, नुसतं दिशेपुरतं. होडी मगरीवर सरळ नेली की ती पाण्यात जाते. तिरकी, जणू दुसरीकडेच चाललोय अशी नेली तर बहुतेक वेळा पडून राहते.

नवख्या डोळ्याला ती दिसतच नाही. गाळावर ओंडका दिसतो, मग ओंडक्याला डोळा दिसतो. आमच्या खाड्यांतली ही मगर खारं पाणी सोसते पण मूळची गोड्या पाण्यातली, म्हणून ती खाडीच्या आतल्या भागात जास्त. रात्रभर थंड झालेलं अंग उन्हात तापवते, आणि पुरेसं तापलं की जबडा उघडा ठेवून पडते. त्या उघड्या जबड्याला राग समजू नका. तो उष्णता सांभाळण्याचा तिचा मार्ग आहे, आणि फोटोसाठी उत्तम क्षण. फोकस दातांवर न धरता डोळ्यावर धरा. ॲपर्चर एफ ८ किंवा एफ ११, कारण नाकापासून शेपटीपर्यंत ती लांबलचक आहे. ती हलत नसली तरी होडी हलते, म्हणून शटर १/१००० खाली आणू नका. पोलरायझर फिल्टर असेल तर इथे वापरा. ओल्या पाठीवरची आणि गाळावरची चमक मारली जाते आणि खवल्यांचा शेवाळी रंग वर येतो. दीड-दोन स्टॉप उजेड जातो, पण दहाच्या उन्हात तो परवडतो.

मला सगळ्यात आवडणारा फोटो मात्र जवळचा नाही. मगर गाळावर, तिच्या पाठीमागे दोन शेकाट्ये तांबड्या काड्यांसारख्या पायांवर उभे, आणि वर खारफुटीची रेघ. मगरीपासून बगळे, शेकाट्ये किती अंतर ठेवतात ते बघा. ते अंतर आपल्यालाही ओळखता यायला हवं. लेन्स थोडी मागे घ्या आणि तिचं घर दिसू द्या.

हात पाण्यात घालायचा नाही, काठावर उतरायचं नाही, कोंबडीचे तुकडे टाकून मगर जवळ आणणाऱ्याची होडी घ्यायची नाही. ज्या मगरीला माणसाची होडी म्हणजे खाणं असं कळलं, ती उद्या धुणं धुणाऱ्या बाईजवळ येते. फेब्रुवारी ते एप्रिल ही मादीची अंडी घालण्याची वेळ. काठावर खड्डा करून अंडी घालते आणि जवळपास राहून राखण करते. जिथे एकच मगर रोज त्याच जागी पडलेली दिसते आणि होडी आली तरी हलत नाही, तिथून लांबूनच वळा.

बांधावरचे

साडेनऊनंतर पक्ष्यांचं आटोपलं की बांधावरून सावकाश चालत या. उन्हाने बांधाचे दगड तापू लागलेले असतात आणि घोरपड बाहेर येते, बहुतेक वेळा बिळाच्या तोंडाशी किंवा आंब्याच्या खोडावर. तिला तुमच्या पावलांची धमक आधी कळते. वीसएक पावलांवर थांबून बसा. तिची जीभ दर काही सेकंदांनी बाहेर येते. आधी मनात मोजून ताल पकडा. १/१२५० शटरला दुभागलेली जीभ स्वच्छ मिळते. घोरपडीची चोरटी शिकार अजून होते. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला मगरीइतकंच कडक संरक्षण आहे. तिच्या फोटोबरोबर जागा कधीच लिहू नका, फोटोतली जीपीएस नोंदही काढून टाका.

खाजणाच्या गोड्या पाण्याच्या बाजूला दिवड हमखास. पाण्यावर नुसतं डोकं, अंगावर पटावरच्या घरांसारखी नक्षी. बिनविषारी आहे, पण डिवचली तर चावते. तिचं डोकं आणि पाण्यातलं प्रतिबिंब एका चौकटीत हवं असेल तर कॅमेरा पाण्यालगत आणा, स्वतःचा हात नव्हे.

सापांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: साप पकडून, आकड्याने वळवून, मनाजोगत्या दगडावर ठेवून काढलेला फोटो मी फोटो मानत नाही. जो जिथे जसा दिसेल तसा. कोकणात जांभ्या दगडाच्या सड्यांवर (उघड्या माळांवर) फुरसं भरपूर. आकाराने वीतभर-दीड वीत, रंगाने पाचोळ्यासारखं. अंगाच्या वेटोळ्या एकमेकींवर घासून ते करवतीसारखा आवाज करतं. तो आवाज आला की आहात तिथे थिजा, नजरेने शोधा, मग मागे व्हा. दगड उलटवू नका, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत हात घालू नका, आणि खाली बसण्याआधी जागा काठीने चाचपा. लांब लेन्स असते ती याचसाठी; तीन मीटरवरूनही फुरशाचा डोळा स्वच्छ टिपता येतो.

दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-घड्याळ काढायचं, १०८ला फोन करायचा आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप ओळखायला किंवा मारून न्यायला थांबू नये. निघण्याआधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवा.

कासवाची पिल्लं

वेळासला २००२पासून गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू झालं आणि आता आंजर्ल्यासह किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत ते चालतं. फेब्रुवारीपासून पिल्लं बाहेर येऊ लागतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. खाडीच्या दौऱ्याला जोडून एक सकाळ तिथे द्या. फ्लॅश नको, मोबाइलची बॅटरीही नको. दोरीच्या मागे, पोट वाळूवर, कॅमेरा वाळूलगत. पिल्लू हाताच्या तळव्यात मावतं. त्याने वाळूत उमटवलेली वल्ह्यासारखी रेघ तिरप्या उन्हात सुंदर दिसते. पिल्लू पाण्यात गेल्यावरही ती थोडा वेळ राहते. सगळे पिल्लांमागे वळलेले असतात तेव्हा ती रेघ टिपून घ्या.

परत आल्यावर

आधी कॅमेरा, मग जेवण. खारी हवा दिसत नाही पण धातूवर बसते. ओल्या फडक्याने लेन्सची नळी, कड्या, तिपाईचे सांधे पुसा, मग कोरड्याने. काच शेवटी, आणि आधी फुंकणीने वाळूचे कण उडवून. लेन्स खाडीवर बदलू नका. रात्री पंख्याखाली उघड्या हवेत ठेवून मग सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत.

फोटो निवडताना पहिल्या फेरीत फक्त डोळ्याचा फोकस बघा. दुसऱ्या फेरीत वागणूक: चरतोय, भांडतोय, पिसं साफ करतोय. नुसता उभा पक्षी एकच ठेवा. होडीवाल्याचा आणि मगरीचा एकेक फोटो छापून पुढच्या खेपेला नेऊन द्या.

आणि वही. माझ्या वहीतली गेल्या फाल्गुनातली एक नोंद जशीच्या तशी:

फाल्गुन शुद्ध पंचमी. दाभोळ खाडी. होडी ८:१०. सुकती दहाच्या जरा आधी, होडीवाला म्हणाला तशीच. वारा पूर्वेचा, साडेदहाला फिरला. मगरी ५; एक मोठी, जबडा उघडा, वीस मिनिटं, हलली नाही, इंजिन बंद. लहान दोन, पाण्यात लगेच. काळ्या टोपीचा खंड्या १, तिसऱ्या वळणावरची वाकडी चिपी (खारफुटीचं झाड), डाव्या हाताला. पांढरे ओघळ ताजे. द्वादशीला पुन्हा येणे, सहाला.